लाल रेघ उजव्या हाताला

त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदा दगड चाटला तेव्हा मी मान फिरवली. कुणाचं तरी खाजगी काही आपण चुकून पाहिलं, असं वाटलं. मला भूवैज्ञानिक म्हणून कामावर लागून दोनच दिवस झाले होते. गळ्यात भिंग होतं, हातात नवी कोरी वही. गोदामाच्या फरशीवर पत्र्याच्या लांबट पेट्या ओळीनं मांडलेल्या, आणि त्यांच्या मधोमध उकिडवा बसलेला हा उंच, वाळका माणूस मनगटाएवढा गोल दगड जिभेला लावून डोळे मिटून बसला होता.

"बाई," डोळे न उघडताच ते म्हणाले, "याची चव घेतली का तुमी?"

मी नाही म्हणाले.

"मंग वहीत काय लिवून राह्यल्या?"

राजुऱ्याच्या पलीकडे, कापसाच्या एका जुन्या रिकाम्या गोदामात आमचा कॅम्प होता. आसपासच्या शिवारात खाली कोळसा किती आहे, कसा आहे, हे पाहायला आम्ही बोअर मारत होतो. रिगची, म्हणजे बोअर मारायच्या यंत्राची, पोकळ नळी जमिनीत फिरत खाली जाते आणि तिच्या पोटात दगडाचा गोल दांडा भरून वर येतो. त्याला कोअर म्हणतात. तो कोअर पेटीत क्रमानं मांडायचा. पुस्तकातल्या ओळी असतात तसा, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. मग माझ्यासारख्या कुणीतरी पेटीशी बसून प्रत्येक तुकड्याचं वर्णन वहीत उतरवायचं. पेट्या मांडण्याचं काम यांचं. त्यामुळे कॅम्पवर सगळे त्यांना 'पेटीवाले भाऊ' म्हणत. रिगचा ऑपरेटर त्यांना दादा म्हणायचा, आणि चिडवायचं असलं की 'प्रोफेसर'.

माझी शाळा इंग्रजी. घरी मराठीच बोलायचो, पण घरच्या मराठीत दगडांबद्दल बोलायची वेळ कधी आली नव्हती. त्यातून मी मुळात कमी बोलणारी. वहीत इंग्रजीतून लिहायचं होतं, ते मला सोपं होतं. करडा-पांढरा, मध्यम ते जाड कणांचा वालुकाश्म, असं एक वाक्य होतं आणि ते मी दिवसातून वीस वेळा लिहायचे. एका दुपारी भाऊंनी मला ते मराठीत सांगायला लावलं. मी अडखळत सांगितलं. मग मागचं पान सांगायला लावलं. त्याच्या मागचं.

"काल बी हेच, आज बी हेच," ते म्हणाले. "दहा गोट्यांचं एकच नाव? बारशाले तुमाले कोनी बोलवू नये जी."

त्यांची स्वतःची नावं होती. वरची काळी माती नि मुरूम संपल्यावर लागतो तो तांबडा दगड 'गेरू'. त्याच्याखाली लाल-पिवळ्या-जांभळ्या मातीचे थर, ते 'गोधडी'. कोळशाच्या वरचा-खालचा पांढरा, हाताला पीठ लागणारा वालुकाश्म, तो 'दळन'. त्यातही जाडं दळण, बारीक दळण, आणि मध्येच गारगोट्या आल्या की 'न निवडलेलं'. सगळ्यात खाली, जिथे कोळसा संपला असं समजून बोअर बंद करतात, तो हिरवट, पानापानांनी सुटणारा दगड म्हणजे 'मेंदी'. तो थर बर्फाच्या काळातला आहे, इथे एकेकाळी बर्फाच्या नद्या होत्या, असं मी त्यांना एकदा सांगितलं. माझ्या आयुष्यातलं ते बहुधा सगळ्यात लांब मराठी भाषण असेल. त्यांनी शांतपणे ऐकलं, मेंदीचा एक तुकडा उचलला, चाटला, आणि विचार करून म्हणाले, "असन. गार लागते."

ते थट्टा करत होते की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली बसून, त्यांनी ते म्हटलं होतं.

चाटण्यामागे मात्र थट्टा नव्हती. चिकणमाती जिभेला धरून ठेवते, बारीक रेती सोडून देते. डोळ्याला दोन्ही राखाडीच दिसतात. हे पुस्तकातही असतं. मी ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. जीभ लावायला मला तीन महिने लागले, आणि तेव्हाही आजूबाजूला कुणी नाही हे पाहूनच. नेमकं त्याच वेळी भाऊ पाण्याची बादली घेऊन आत आले. बादली ठेवली आणि परत गेले. त्या संध्याकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी एक धुतलेला, स्वच्छ, राखाडी तुकडा ठेवलेला होता. बिस्किट ठेवावं तसा.

त्यांच्या खांद्यावर एक दुपट्टा असायचा. मूळ रंग पांढरा असावा. पेन्सिल ओल्या दगडावर उमटत नाही, म्हणून प्रत्येक तुकडा ते त्या दुपट्ट्यानं पुसून कोरडा करत. त्यामुळे एका टोकाला गेरूचा तांबडा, मग पिठूळ पांढरा, मध्ये काळा, पुन्हा पांढरा आणि दुसऱ्या टोकाला हिरवट छटा, असा तो झाला होता. मी महिनाभर खपून काढलेला नकाशा आणि त्यांचा दुपट्टा यात फार फरक नव्हता. "घरची धूत नाई," ते सांगत. "म्हनते, तुमचा डोंगर तुमीच धुवा."

तुकडा कोरडा झाला की रेघा. शर्टाच्या दुसऱ्या बटणाला दोरीनं एक जाड, तेलकट, दोन टोकांची पेन्सिल बांधलेली असायची. एक टोक लाल, एक निळं. दगडाचं वरचं टोक वर धरायचं आणि त्याच्या अंगावर दोन समांतर रेघा ओढायच्या. लाल उजव्या हाताला, निळी डाव्या. मग तो तुकडा कुणीही उचलला, पाडला, दुसऱ्या जिल्ह्यात नेला, तरी त्याचं वर कुठलं नि खाली कुठलं हे कळतं. ही पद्धत सगळीकडेच आहे. पण भाऊंइतक्या गांभीर्यानं ती पाळणारं मी कुणी पाहिलं नाही. कोळशावर निळी रेघ दिसतच नाही. तरी ते ती ओढायचेच. मी एकदा विचारलं, दिसत नाही तर कशाला?

"मले दिसत नाई म्हनून त्याले नसावी का?"

त्यांचं एक म्हणणं होतं. "हरेक गोट्याले मुंडकं असते अन् पाय असते." मुंडकं म्हणजे वरची बाजू, जी आकाशाकडे होती. पाय म्हणजे खालची. दगडाचं मुंडकं ओळखायचं कसं, हे त्यांनी मला एका बाटलीनं शिकवलं. बाटलीत त्यांच्या शेतातली माती आणि पाणी होतं. त्यांचं गाव सावली तालुक्याकडचं, वैनगंगेच्या जवळ. धानाच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेली छोटी शेतं. त्यांनी बाटली जोरात हलवली आणि खिडकीत ठेवली. "पाहा आता. रोवण्याच्या आधी बांधीत चिखल करतो न आमी? मंग पानी निवते. जाड रेती आधी बसते, तिच्यावर बारीक, अन् सगळ्याच्या वर लोनी." लोणी म्हणजे मऊ चिखल. "मांगं कितीही वर्सं झाली असन बाई, पान्यानं आपली चाल बदलवली नाई. गोट्यात जाड ज्या बाजूनं, ते पाय. बारीक ज्या बाजूनं, ते मुंडकं."

कॉलेजात हे आम्हाला दोन तासिकांमध्ये, फळाभर आकृत्यांनी शिकवलं होतं.

तरुणपणी ते भामरागडकडे होते, विहिरींच्या बोअरवर. एका पावसाळ्यात नद्या चढल्या, रस्ता बंद झाला, रिग अलीकडे आणि हे पलीकडे. कितीतरी आठवडे काम नाही. रिकामं बसवेना म्हणून त्यांनी बांबूची पेटी विणली आणि नाल्यातले गोटे तिच्यात ओळीनं लावत बसले. "तिथला गोटा लय म्हातारा. आपला कोरसा त्याच्यापुढं काल जन्मलेलं लेकरू." गावातली एक माडिया बाई रोज येऊन पाहायची. एक दिवस तिनं कुणाकरवी विचारलं, की हा माणूस दगडांना झोपवतो कशाला? यांनी उत्तर पाठवलं, की झोपवत नाही, कोण कुणाच्या उशाशी होतं ते लक्षात ठेवतोय. तिला ते पटलं. दुसऱ्या दिवशी तिनं पेटीत खाली घालायला पळसाची पानं आणून दिली.

ही गोष्ट ते नेहमी एका वाक्यानं संपवत. "तवापासून आजवर एक गोटा उलटा नाई ठेवला मी."

ऑपरेटर लगेच ओरडायचा, "प्रोफेसर, गिनीज बुक वालों को बुलाऊँ?"

"बोलव न," भाऊ म्हणत. "चहा तू पाज त्याइले."

पण ती फुशारकी नव्हती. त्यांना शिक्षण नव्हतं, हुद्दा नव्हता, आमच्या अहवालात कुठेही त्यांचं नाव येत नव्हतं. एक गोटा उलटा ठेवला नाही, एवढंच त्यांच्याकडे होतं आणि ते पुरेसं आहे असं ते मानत.

जिच्या वावरात बोअर चाललं होतं ती बाई एकदा गोदामात आली. कपाशी वेचून तशीच, कमरेला कापूस भरायचा ओटा बांधलेला. "माह्या वावरातून काय काढून राह्यले भाऊ तुमी? दाखवा तरी." आमच्यापैकी कुणी तिला काय सांगितलं असतं कोण जाणे. भाऊंनी तिला पहिल्या पेटीपासून शेवटच्या पेटीपर्यंत चालत नेलं. "हे तुमची काळी माती. हे मुरूम. हे गेरू." ती प्रत्येक पेटीशी वाकत होती. कोळशाशी आल्यावर तिनं हात लावला नाही. नुसती बघत राहिली.

"इतक्या खोलवर आमचंच हाय?" तिनं विचारलं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं. कायद्यानं खालचा कोळसा सरकारचा, हे मला माहीत होतं.

"वरचं तुमचं," भाऊ म्हणाले. "खालचं कोनाचंच नाई. पन उद्या खान खुदली न बाई, तर सगळं उघडं पडन. मंग आमी पेटीत खरं लावलं का खोटं, ते दिसनच. तवा यासाल पाहाले."

हे ते मलाही अधूनमधून सांगत. बाकीच्यांची चूक कागदावर राहते, आपली जमिनीत लिहिलेली असते, आणि जमीन एक दिवस उघडते.

पावसाळ्यात रिग बंद ठेवतात. त्या वर्षी मात्र त्याच बाईच्या वावरातलं एक बोअर अर्धवट राहिलं होतं आणि ते पुरं करूनच हलायचं होतं. पण भाऊ धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, गेले. रोवणा लागला की दहा दिवस ते कुणाचे नसत. हे सगळ्यांना माहीत होतं. जाताना त्यांनी बटणाची पेन्सिल सोडून माझ्या टेबलावर ठेवली, मग परत उचलली. "रेघा मी आल्यावर मारतो. तुमी निसती पेटी लावा."

मी निसती पेटी लावली.

रिगवर ताडपत्री बांधली होती आणि तिच्या कडेनं पाणी गळत होतं. नळी वर आली. ऑपरेटर हातोडीनं नळीवर ठोकत होता, "मॅडम, जल्दी, जल्दी," आणि तिच्या तोंडातून कोळशाचे तुकडे एकामागून एक माझ्या हातात येत होते. मी पहिला तुकडा पेटीत पहिला ठेवला. दुसरा त्याच्या पुढे. तिसरा त्याच्या पुढे. पाव नळी रिकामी झाल्यावर एक राखाडी मातीचा वीतभर पट्टा आला, तोही त्याच्या जागी ठेवला. मग पुन्हा कोळसा. सगळं नीट, स्वच्छ, ओळीत. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

नळीतून आधी बाहेर येतो तो सगळ्यात खालचा तुकडा असतो. नळी खालच्या तोंडानं उघडते. शेवटी येतो तो वरचा. हे मी भाऊंना शंभर वेळा करताना पाहिलं होतं. आलेला माल ते पन्हळीत तसाच मांडत आणि मग उलट्या टोकापासून पेटीत भरत. पाहिलं होतं, पण माझ्या हातांनी ते कधी केलं नव्हतं. त्या एका नळीपुरती मी जमीन खालची वर केली.

पुढच्या नळ्या दोन दिवसांनी आल्या. तोवर माझं डोकं ठिकाणावर आलं होतं, त्या मी बरोबर लावल्या. आदल्या नळीची आठवणसुद्धा झाली नाही.

भाऊ परत आले तेव्हा पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या आणि ते टाचांवर चालत होते. पेट्यांशी आले, उभे राहिले.

"कोनं लावल्या?"

"मी."

एरवी दुसऱ्या कुणी लावलेली पेटी ते तुकडा न् तुकडा उचलून, चाटून, फिरवून बघत. ऑपरेटरनं लावलेली तर दोनदा. त्यांनी एकदा डावीकडून उजवीकडे नजर फिरवली.

"तुमी लावल्या न? मंग बरोबरच असन."

आणि बसून, बटणाची पेन्सिल काढून, त्यांनी रेघा मारायला सुरुवात केली. लाल उजव्या हाताला, निळी डाव्या. कोळशावर न दिसणारी निळीसुद्धा. त्या दिवशी मी आईला फोन करून हे सांगितलं. तिला त्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

आठवड्याभरानं ऑफिसातून साहेब आले. कोळसा तपासणीला जाण्याआधी ते पेट्या पाहून जात. बोअर पूर्ण झाल्यावर त्यात एक यंत्र सोडतात, ते खालपासून वरपर्यंत दगडाची नोंद कागदावर काढतं. साहेबांच्या हातात तो कागद होता. कागदावर मातीचा पट्टा होता खाली. पेटीत तो होता दीड मीटर वर.

"शेजारच्या बोअरमध्ये पट्टा खालीच आहे," साहेब म्हणाले. "तुमची पेटी खरी मानली तर मधे जमीन तुटली आहे असं दाखवावं लागेल. आहे का तिथे तसं काही?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. काय म्हणून हलवली, ते माझं मलाच माहीत नव्हतं. त्या क्षणापर्यंत खरंच मला कळलं नव्हतं, आणि त्याच क्षणी कळलं. ताडपत्री, पाणी, पहिला तुकडा पहिला.

भाऊ पेटीशी बसले. मातीचा पट्टा उचलला. एक टोक जिभेला लावलं, मग दुसरं. अंगठा फिरवला. ज्या टोकाला रेती लागली ते वर होतं.

"उलटी हाय," ते म्हणाले.

ऑपरेटर दारात उभा होता. "अरे प्रोफेसर! गया रेकॉर्ड?" तो हसत म्हणाला.

"कोणी लावली?" साहेबांनी विचारलं.

भाऊ पट्टा हातात धरून होते. "रेघ माझी हाय जी," ते म्हणाले. "चूक माझी."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. "वय झालं आता भाऊ," ते म्हणाले. "पुढच्या कॅम्पला मी दुसऱ्या कुणाला बघतो. तुम्ही घरी आराम करा." आणि कागदाची गुंडाळी करून ते जीपकडे निघाले.

मी वही छातीशी धरून उभी होते. मला ओळखणारे लोक म्हणतात की मी संकोची आहे. ते चांगला शब्द वापरतात. मी त्या दिवशी जे करत होते त्याला दुसराही शब्द आहे. जीपचं दार उघडल्याचा आवाज आला. भाऊ माझ्याकडे बघतही नव्हते. पट्टा पेटीत ठेवत होते, आणि ठेवताना त्यांचा हात थांबला होता, कारण कोणत्या बाजूनं ठेवायचा हे त्यांना कळेना. उलटा ठेवायचा तर हात तयार नाही, सुलटा ठेवायचा तर पेटी तशी नाही.

मी जीपपर्यंत धावत गेले. इंग्रजीत बोलले असते तर वाक्यं नीट आली असती. पण भाऊंना कळायला हवं होतं, आणि ते मागून टाचांवर चालत येत होते.

"सर, ती नळी मी लावली. भाऊ इथे नव्हते. रोवण्याला गेले होते. आधी आलेला तुकडा मी आधी ठेवला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मग तुम्ही रेघ का मारली? न बघता?"

भाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला.

"बाईनं लावली म्हनून," ते म्हणाले.

साहेबांनी जीपचं दार लावून घेतलं आणि काचेतून एवढंच म्हणाले, की आता दोघांनी मिळून सगळ्या पेट्या पुन्हा तपासा, पहिल्यापासून, आणि मग मला कळवा. माणूस बदलायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आम्ही गोदामात परतलो. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "आधी ते सुलटं करा."

मी तुकडे एकेक करून फिरवले. फिरवल्यावर लाल रेघ डाव्या हाताला गेली, निळी उजव्या. ओल्या फडक्यानं रेघा जाईनात. त्यांनी नारळाची शेंडी आणून दिली आणि मी घासत बसले. ते समोर बसून बघत होते. सगळे तुकडे स्वच्छ झाले तेव्हा त्यांनी दुपट्टा खांद्यावरून काढून माझ्या मांडीवर टाकला. मी पुसले. मग त्यांनी बटणाची गाठ सोडली आणि पेन्सिल माझ्यासमोर धरली.

"मारा. आता तुमची रेघ."

"तुम्ही एकदा बघून घ्या."

"नाई. मी बघितलं तर तुमी बघनार नाई."

मी प्रत्येक तुकडा उचलला. दोन्ही टोकं चाटली, जिथे चाटण्यासारखं काही होतं तिथे. मग रेघा मारल्या. रेघा वाकड्या आल्या. पुढचे आठ दिवस आम्ही पहिल्या पेटीपासून सगळं पुन्हा पाहिलं. दुसरी चूक सापडली नाही. त्या आठ दिवसांत ते फार कमी बोलले. आणि भामरागडची गोष्ट त्यांनी पुढे कधी सांगितली तर ती पळसाच्या पानांवर संपायची. त्यानंतरचं वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही.

अजून दोन हंगाम ते आले. मग घरी राहिले, आपल्या बांध्यांकडे.

मधे वर्षं गेली. त्या शिवारात खाण झाली. कपाशी गेली, शेतांचे बांध-धुरे गेले, ती बाई नि तिचं कुटुंब नव्या वस्तीत गेलं. आम्ही जिथे बोअर मारलं होतं तिथे आता पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली प्रचंड भिंत आहे, आणि भिंतींच्या नोंदी करायचं काम योगायोगानं माझ्याकडे आलं. मागच्या पावसाळ्यात मी तिथे उतरले. रात्रीच्या पावसानं भिंत धुऊन निघाली होती. वर काळ्या मातीची बारीक कड. मग गेरू, मग गोधडी, मग दळण. मला आता पुस्तकातली नावं आठवावी लागतात. त्याखाली कोळसा, आणि कोळशात, लांबवर सरळ गेलेली एक राखाडी रेघ. खाली. कुठेही न तुटता.

मी पट्ट्यापाशी गेले. हात लावला. आजूबाजूला डंपर होते, माणसं होती. मी त्यांच्याकडे पाठ केली नाही. एक तुकडा काढून दोन्ही टोकांना चाटला आणि तिथूनच भाऊंना फोन लावला.

"बोला जी," ते म्हणाले. मागे बायकांचे आवाज येत होते आणि पाण्याचा. रोवणा चालू होता.

"भाऊ, मी खाणीत आहे. आपल्या बोअरच्या जागेसमोर उभी आहे. पट्टा दिसतोय."

पाण्याचा आवाज थांबला.

"कुठी हाय?"

"खाली. आपण नंतर लावला, तिथेच."

"मुंडकं?"

"माती वर. रेती खाली."

त्यांनी मागे कुणाला तरी थांबायला सांगितलं. मग म्हणाले, "सोता पाह्यलं, का कागद पाहून सांगून राह्यल्या?"

"स्वतः पाहिलं. चाटून."

"ती वावरवाली बाई?"

"ती आता इथे नाही, भाऊ. नव्या वस्तीत आहे."

"मंग तिले सांगून यासाल. मी म्हनलो होतो तिले, दिसन म्हनून."

"जाते."

"जासाल. अन् तुमच्यासंगं माझी बी रेघ धरा त्याच्यावर."

फोन बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. तो खिशात गेला असावा. मी भिंतीसमोर उभी होते, आणि पलीकडून चिखलात पाय बुडल्याचा, निघाल्याचा, पुन्हा बुडल्याचा आवाज येत राहिला.